चांदीच्या डॉलरची वेष्टने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा चांदीचा डॉलर हा नाणेसंग्राहकांच्या फार जुन्या आवडीचा विषय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या संग्रहात नाण्याच्या जोडीला आणखी एका वस्तूची भर पडली. ती म्हणजे नाणे ज्यातून विकले गेले ते वेष्टन. निळे पाकीट, तपकिरी पेटी, काळा डबा यांपैकी प्रत्येकाला ठरावीक अर्थ आहे. तो ठाऊक नसलेला ग्राहक कधी चांदीच्या भावाने तांबे-निकेल विकत घेतो, तर कधी मौल्यवान वेष्टन फोडून टाकतो.

या डॉलरांपैकी सर्वांत प्रसिद्ध डॉलरचा ठसा जॉर्ज मॉर्गन याने तयार केला. १८७८ ते १९०४ या काळात व पुन्हा १९२१ मध्ये पाडलेल्या या नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात नव्वद टक्के चांदी असे. लोकांच्या व्यवहारात ते फारसे रुळले नाही आणि लक्षावधी डॉलर पोत्यांत भरून सरकारी तिजोरीत पडून राहिले. १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये चांदीचे २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवण्यात आले. त्यांतील बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारमार्फत हिंदुस्थानात आली. महायुद्धाच्या त्या दिवसांत लोक नोटांच्या बदल्यात रोख रुपये मागू लागले होते आणि ते पाडण्यास चांदी अपुरी पडत होती. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची मात्र नोंद राहिली नाही. म्हणून एखाद्या साली किती डॉलर पाडले गेले, एवढ्यावरून त्या सालच्या नाण्याची दुर्मिळता ठरवता येत नाही.

१९६४ साली तिजोरीतून चांदीचे डॉलर देणे बंद झाले, तेव्हा सुमारे २९ लाख नाणी शिल्लक होती. त्यांतील बहुसंख्य नाणी नेवाडा राज्यातील कार्सन सिटी येथील टांकसाळीची होती. मागील बाजूस गरुडाखाली असलेल्या ‘सीसी’ या अक्षरांवरून ती ओळखता येतात. १८८४ साली या टांकसाळीने ११,३६,००० डॉलर पाडले होते; त्यांपैकी पाचांत चार हिश्श्यांहून अधिक या साठ्यात सापडले. जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने १९७२ ते १९७४ मध्ये व नंतर १९८० मध्ये ही नाणी टपालाने विकली. चांगली नाणी कठीण पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून काळ्या डब्यातून दिली गेली, तर वापरलेली व सदोष नाणी मऊ पाकिटांतून. चौकटीवर ‘अनसर्क्युलेटेड’ हा शब्द नसेल, तर नाणे चरे पडलेले किंवा काळवंडलेले ठरवले गेले होते, असे समजावे. गंमत अशी, की त्या काळवंडण्यातून उमटलेल्या रंगछटांसाठीच आज काही संग्राहक अधिक किंमत मोजतात. चौकट फोडली, की नाणे त्या साठ्यातील असल्याचा पुरावा नाहीसा होतो.

आयसेनहॉवर डॉलरच्या बाबतीत वेष्टनाचा अर्थ निराळा आहे. १९७१ ते १९७८ या काळात चलनासाठी पाडलेल्या या नाण्यात चांदी नव्हती. संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्को येथे चाळीस टक्के चांदीची वेगळी नाणी पाडली गेली. १९७४ पर्यंतच्या अशा नाण्यांपैकी साधे नाणे तीन डॉलरला निळ्या पाकिटात मिळे. आरशासारखी झळाळी असलेले प्रूफ नाणे दहा डॉलरला तपकिरी पेटीत मिळे. परंतु पाकीट उघडून आतील नाणे बदलता येते, आणि १९७३ पासून बिनचांदीची प्रूफ नाणीही त्याच टांकसाळीत पाडली गेल्यामुळे ‘एस’ हे चिन्ह पुरेसे ठरत नाही. अशा वेळी तराजू कामी येतो. चांदीच्या नाण्याचे वजन २४.५९ ग्रॅम भरते, बिनचांदीच्या नाण्याचे २२.६८ ग्रॅम. बिनचांदीच्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लालसर पट्टीही ठळक दिसते.

वेष्टन नाण्याचे रक्षण करतेच असे नाही. पॉलिव्हिनिल क्लोराइडच्या मऊ पाकिटात दीर्घकाळ राहिलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो व तो पुढे धातू खातो. साध्या पुठ्ठ्यातील गंधकाने चांदी काळी पडते. अशा वेळी नाणे पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा ॲक्रिलिकच्या डबीत ठेवावे आणि मूळ पाकीट व कागदपत्रे शेजारी जपावीत. नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. घासण्याने गेलेला पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही.

वेष्टन ही एक साक्ष आहे. नाणे कोठून आले, ते कोणत्या हमीवर विकले गेले, हे ती सांगते. परंतु साक्षीची शहानिशा नाण्यावरच करावी लागते; जाणता संग्राहक डबा पाहून थांबतो, आणि नाणे पाहून पैसे मोजतो.