चित्रफीत-संवाद, हौशी
सर्वसामान्य व्यक्तींनी स्वतः चित्रित केलेल्या चित्रफिती आंतरजालावर प्रसृत करून बहुधा अनोळखी प्रेक्षकांशी साधलेला संवाद. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकास त्याच माध्यमातून उत्तर देता येत नाही; येथे मात्र प्रत्येक प्रेक्षक संभाव्य प्रक्षेपकही असतो. हे या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण होय.

घरगुती चित्रीकरण पूर्वीही होत असे. परंतु ते आप्तेष्टांपुरते राही. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन व जावेद करीम यांनी अमेरिकेत २००५ मध्ये यूट्यूब हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील पहिली चित्रफीत (२३ एप्रिल २००५) केवळ १९ सेकंदांची असून तीत करीम प्राणिसंग्रहालयातील हत्तींविषयी बोलताना दिसतात. २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलर किंमतीचे समभाग देऊन ही कंपनी घेण्याचे ठरविले.

या संवादात बोलणारा एकांतात कॅमेऱ्यासमोर बसतो. ऐकणारा कोण, कोठला व केव्हाचा, हे त्यास ठाऊक नसते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मायकेल वेश यांनी या स्थितीस ‘संदर्भ-विलय’ या अर्थाची संज्ञा योजली. अनोळखीपणामुळे संकोच वाढतो, तसाच मोकळेपणाही येतो. इंग्लंडमधील पीटर ओकली (१९२७–२०१४) या निवृत्त गृहस्थांनी २००६ पासून आपल्या आयुष्यातील आठवणी अशा प्रकारे सांगितल्या व त्यांना जगभर श्रोते लाभले. मात्र त्याच वर्षी ‘लोनलीगर्ल१५’ या नावाने आपले मनोगत सांगणारी मुलगी ही प्रत्यक्षात अभिनेत्री असल्याचे उघड झाले. साधेपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

चित्रफितीला चित्रफितीनेच उत्तर देण्याची यूट्यूबवरील सोय २०१३ मध्ये बंद करण्यात आली. तिच्याशी मिळतीजुळती जोड-चित्रफितीची सोय पुढे टिकटॉकने रूढ केली. भारतात २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल-सेवा स्वस्त झाल्याने हे माध्यम खेड्यांपर्यंत पोहोचले. शेतकरी शेतीविषयी, तर गृहिणी पाककृतींविषयी मराठीतून बोलू लागल्या. मुद्रणात ज्यांना फारसे स्थान नव्हते, त्या अहिराणी, मालवणी यांसारख्या बोलींनाही त्यामुळे व्यासपीठ मिळाले. कारण येथे लेखनकौशल्याची अट नाही. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी सुरक्षेच्या कारणास्तव टिकटॉकसह ५९ अनुप्रयोगांवर बंदी घातली, तेव्हा तेथील असंख्य हौशी व्यक्तींचा आपल्या प्रेक्षकांशी असलेला संबंध एकाएकी तुटला.

सामान्य माणसाचे बोलणे, हावभाव व बोली यांची इतकी विपुल नोंद पूर्वी कधीच झाली नव्हती. तथापि ती प्रामुख्याने खाजगी कंपन्यांच्या भांडारांत साठलेली आहे. कोणती चित्रफीत कोणापुढे यावी, हेही बव्हंशी त्यांच्या गणनपद्धतीच ठरवितात. त्यामुळे या नोंदीचे सार्वजनिक जतन हा ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्यापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.