एक्स-रे स्वच्छ, तरी दाढ दुखतेय?

मानपूर-महूकडच्या मंडळींनो, चावून दाब सोडताच दाढेत कळ येते? थंड पाणी झोंबतं? मग दाढेला चीर असू शकते. 1964 मध्ये दंतवैद्य कॅमेरॉन यांनी याला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव दिलं. चीर बहुधा पुढून मागे जाते, म्हणून एक्स-रेत सहसा दिसत नाही. डॉक्टर दाढेवर प्रखर प्रकाश पाडतात. ही तपासणी मला फार सुंदर वाटते: चिरेपाशी उजेड अडतो, पलीकडचा भाग अंधारा राहतो. वेळीच कॅप बसवली तर दाढ बऱ्याचदा वाचते. नस बिघडली असेल तर रूट कॅनल. चीर दाढेच्या मुळापर्यंत खोल उतरली, की दाढ काढावीच लागते. चीर हाडासारखी सांधत नाही. सुपारी फोडणं आजच थांबवा आणि इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून घ्या.