तत्त्वज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा आणि बुऱ्हाणपूरचा एक ग्रंथ

तत्त्वज्ञांची पहिली जागतिक परिषद 1900 साली पॅरिस येथे भरली. महायुद्धांमुळे तिच्यात खंड पडला, 1948 मध्ये अॅम्स्टरडॅमला ती पुन्हा सुरू झाली. 2003 मध्ये ती इस्तंबूलला आणि 2024 मध्ये रोमला भरली. परिषदांचा इतिहास बहुधा पॅरिसपासूनच सांगितला जातो. आमच्या मते देशोदेशींच्या विद्वानांचा विचारविनिमय याहून बराच जुना आहे, आणि त्याचे एक टोक बुऱ्हाणपुरात आहे.

येथील सूफी शेख मुहंमद बिन फजलुल्लाह (मृ. 1620) यांनी 1590 च्या सुमारास 'अत्-तुहफतुल मुर्सला' हा छोटासा अरबी ग्रंथ लिहिला. अस्तित्व एकच असून ते अहदियतपासून इन्सानपर्यंत सात मरातिबांत प्रकट होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा ग्रंथ सुमात्रातील आचेहपर्यंत पोहोचला. तेथे प्रश्न निर्माण झाला: सृष्टी आणि स्रष्टा एकच मानले, तर शरीअतचे काय? 1637 मध्ये आचेहला आलेले नूरुद्दीन रानीरी (मूळचे रांदेरचे, म्हणजे आपल्यासारखेच तापीकाठचे) यांनी तेथील वुजूदी मंडळींना काफिर ठरविले. त्यांचे ग्रंथ जाळण्यात आले, काहींचे प्राणही गेले.

पुढे 'जावी' विद्यार्थ्यांनी (हिजाझमध्ये त्या सर्व बेटांवरील लोकांना जावीच म्हणत) मदीनेतील कुर्द विद्वान इब्राहीम कुरानी (मृ. 1690) यांच्याकडे खुलासा मागितला. कुरानींनी भाष्य लिहून वहदतुल वुजूदचा सिद्धांत शरीअतशी सुसंगत कसा समजावा, हे दाखविले. दमास्कसचे अब्दुल गनी नाबुलुसी (मृ. 1731) यांनीही यावर भाष्य केले. ग्रंथाचे जावानी रूपांतर ए. एच. जॉन्स यांनी 1965 मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले.