कोवळ्या उन्हाचा हिशेब

पौषातली सकाळ. पारनेर तालुक्यातल्या आमच्या कान्हूर पठारावर या दिवसांत हातातला चहा दोन घोटांत गार होतो. आमचा काळू कुत्रा रात्रभर शेकोटीच्या राखेत नाक शेपटीत खुपसून, अंगाचं मुटकुळं करून पडलेला असतो. समोरच्या कडब्याच्या गंजीवर ऊन उतरलं की तो उठतो, पुढचे पाय लांब ताणून आळस देतो आणि गंजीच्या पायथ्याशी, नेमका उन्हाच्या पट्ट्यात अंग टाकतो. आधी पाठ शेकतो, मग कूस बदलून पोट. पट्टा सरकला की तोही सरकतो. त्याचं वय आता बारा वर्षं आहे.

मी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. गायी-शेळ्या घेऊन आलेली माणसं हटकून विचारायची, "अण्णा, अंगावर एवढी केसांची घोंगडी असताना कुत्र्याला ऊन कशाला लागतं?"

खरं कारण पोटाशी जोडलेलं आहे. आपल्या अंगाचं तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, तर कुत्र्याचं १०१ ते १०२.५. आपल्याला ताप चढला असं वाटावं, एवढी ऊब त्याला रोजचीच लागते. थंडीत ती टिकवायची तर खाल्लेली भाकरी जाळावी लागते. ऊन मिळालं की तेवढं इंधन वाचतं. त्यातून झोपेत अंग आणखी निवतं, म्हणून झोपायला तो उन्हातली जागा धरतो. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना तर पहिले काही दिवस कुडकुडून ऊबही आणता येत नाही. ती आईला आणि एकमेकांना चिकटून राहतात, ती त्याचमुळे.

म्हाताऱ्या कुत्र्याचं दुसरंही कारण असतं. काळूचे मागचे सांधे आखडलेत. सकाळी उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो आणि मागचं धड ओढून घेतो. अर्धा तास शेकला की तोच काळू रस्त्यापर्यंत भुंकत जातो. उबेनं स्नायू सैल होतात, रक्त खेळतं, ठणका कमी होतो. आपल्याकडची म्हातारी माणसं पारावर उन्हाला बसतात, तसंच हे. काळा रंग ऊन जास्त शोषतो, त्यामुळे काळू लवकर तापतो आणि लवकर सावलीतही जातो.

एक समजूत मात्र दुरुस्त केली पाहिजे. उन्हातून कुत्र्याला 'ड' जीवनसत्त्व मिळतं, असं सर्रास सांगितलं जातं. माणसाच्या कातडीत ते उन्हानं तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही, हे नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिलं. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. म्हणून नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर कुत्रं ठेवू नका. अधूनमधून उकडलेलं अंडं, कलेजी, मासळी द्या. गोचीड आणि पिसवाही उन्हानं जात नाहीत, त्यांना औषधच लागतं.

हेच ऊन चैत्र-वैशाखात जीव घेतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी पंजांच्या गाद्यांत, त्याही थोड्याच. बाकी सारी भिस्त जीभ बाहेर काढून धापण्यावर. एका मळ्यावरची गोष्ट मी विसरलेलो नाही. सकाळी लिंबाच्या सावलीत कुत्रा बांधून माणसं बाजाराला गेली. दुपारी सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली, साखळी होती तेवढीच राहिली. मी पोचलो तेव्हा थर्मामीटर १०७ दाखवत होता. हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ. आम्ही पाणी ओतलं, वारा घातला, पण कुत्रा वाचला नाही. बांधणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, सावली सरकते एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

असं कुत्रं दिसलं तर आधी सावलीत घ्या, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओतत राहा, वारा घाला. ओलं गोणपाट पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. मग तडक दवाखाना गाठा. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना नीट धापता येत नाही, त्यांना तर दुपारी बाहेर काढूच नका. पांढऱ्या कुत्र्याचं गुलाबी नाक आणि कानांची टोकं उन्हानं भाजतात, तीही बघत जा.



ऊन किती घ्यायचं आणि कधी उठायचं, हे मोकळ्या कुत्र्याला शिकवावं लागत नाही. बांधलेल्याला मात्र उठून जाता येत नाही. म्हणून एवढं करा : साखळी लांब ठेवा, दिवसभर सावली कुठून कुठे जाते ते एकदा स्वतः उभं राहून बघा, आणि पाण्याचं भांडं त्याचं तोंड पोचेल असं ठेवा.