मामूंची सुई आणि रोजा

रमजानच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी मामूंना इन्सुलिन लिहून दिलं. चौथ्या रोज्याला मुमानींचा फोन आला. इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये तसंच पडून होतं आणि साखर तीनशेच्या पुढे गेली होती.

विचारलं तर एकेक कारण निघालं. "सुई टोचली तर रोजा तुटेल." "त्यात डुकराचं काहीतरी असतं." "एकदा लागली की सुटत नाही." शेवटचं अगदी हळू आवाजात आलं. "अब्बांना सुई लागली आणि वर्षात ते गेले."

डुकराची शंका काही हवेतली नाही. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, त्यानंतर कित्येक दशकं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. 1982 पासून मात्र जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं. मामूंच्या पेनातलंही प्राण्यापासून काढलेलं नाही. रोज्याचं म्हणाल तर, पोषण न देणाऱ्या इंजेक्शननं तो तुटत नाही, असंच बहुसंख्य उलेमा मानतात. बोट टोचून साखर तपासण्याचंही तेच. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा तर कुरआनातच आहे. हे माझ्याकडून पटलं नाही, मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडून पटलं. प्राध्यापकाचं घरात एवढंच वजन!

इन्सुलिन शरीर स्वतःच बनवतं. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात स्वादुपिंड थकतं, तेव्हा कमी पडतं ते बाहेरून द्यायचं. यात व्यसन कसलं? आणि नानांची मूत्रपिंडं आधीच निकामी झाली होती, सुई फार उशिरा आली होती. इतक्या वर्षांत हे मामूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

सुईची भीती घालवली ती शेजारच्या काकूंनी. त्या एकादशी करतात आणि इन्सुलिनही घेतात. चार मिलिमीटरची सुई त्यांनी तांदळाच्या दाण्याशेजारी ठेवून दाखवली. दाणाच मोठा निघाला. "उपासाच्या दिवशी डोस किती, हे डॉक्टरांनाच विचारायचं हं भाऊ, मनानं काही करायचं नाही," असा दमही दिला.

डॉक्टरांनी मामूंना सध्या रोजे थांबवायला सांगितलेत. साखर आटोक्यात आली की पुढचं बघू म्हणाले. जे मधुमेही रोजा ठेवतात, त्यांनी साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली, की मगरिबची वाट न बघता रोजा सोडायचा असतो.

काल इफ्तारला मामू दस्तरख्वानावर आमच्यासोबतच बसले. त्याआधी पोटाला स्वतः सुई लावली आणि तशीच धरून काकूंना फोन केला, "बाई, दहा आकडे मोजायचे की वीस?"