बडा घर, पोकळ वासा

"डॉक्टर, झोप येत नाही. छातीत जळजळतं, डोकं जड असतं," अशी तक्रार घेऊन चाळिशीतले एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. तपासले, तर रक्तदाब १६०/१००. बोलता बोलता खरे दुखणे बाहेर आले. वाटणीत जमीन सारखीच मिळाली होती. पण चुलत भावाने रस्त्याकडेला बंगला बांधला, दारात चारचाकी लावली. "आणि तब्येत बघा त्याची! कसा खात्यापित्या घरचा दिसतो!"

त्या बंगल्यात रोज सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या जातात, हे मला ठाऊक होते. पण एका पेशंटचे दुसऱ्याला सांगायचे नसते, म्हणून गप्प बसलो. (इथे लिहायला हरकत नाही. असे भाऊबंद आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत, ओळख पटण्याची भीती नाही.)

मत्सराने माणूस जळतो म्हणतात, ते अगदीच खोटे नाही. मन चडफडले की अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. तो थोड्या वेळाने उतरतोही. मात्र रोज रात्री तोच विचार, त्यात झोप मोडलेली आणि जोडीला तंबाखू, असे चालू राहिले की शरीर थकते. तरीही रक्तदाबाचे सारे खापर मत्सरावर फोडू नये. आनुवंशिकता, वाढते वजन आणि ताटातले जादा मीठ हेही तेवढेच गुन्हेगार.

दुसऱ्याच्या श्रीमंतीचे आपल्याला दिसते किती? आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार लखपतींचे गाव म्हणून गाजले. बघायला जाणारे तिथली घरे बघून हळहळतात. पण १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही असे ठरवले. हे पथ्य घरांकडे बघून कसे कळणार?

शरीराचेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यूडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही दिसायला सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली, तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली हाडापेराने किरकोळ दिसणारी माणसेसुद्धा आतून चरबी बाळगून असतात आणि पोटातल्या चरबीमागून मधुमेह येतो, तो असा. मग 'खात्यापित्या घरचा' म्हणून ज्या सुटलेल्या पोटाचा आपण हेवा करतो, त्याचे काय सांगावे?

रक्तदाबही चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. पाच मिनिटे शांत बसून तो मोजून घ्यावा. दोनतीन वेळा १४०/९० किंवा त्यापुढे आला, तर उपचार लांबवू नयेत. शिवणकामाची टेप घरात असतेच, तिने कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर उपाशीपोटी साखर तपासून घ्या. ती १२६ किंवा जास्त आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी लागते. तिशी ओलांडलेल्या सडपातळ मंडळींनीही ही तपासणी टाळू नये.