राजा पार्कहून अरवलीत अर्धा दिवस

जयपूरची सहल म्हटली की आमेरचा किल्ला, हवामहल आणि जंतरमंतर ही नावे ठरलेलीच असतात. आपल्या तुकडीनेही गेल्या हिवाळ्यात ती सारी पाहिली. पण एक सकाळ आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली होती. त्या सकाळी स्थानिक गाइड बरोबर घेऊन आम्ही शहराच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात गेलो, तिथली गावे पाहिली, वाटेत चार ठिकाणी थांबून तिथले अन्न खाल्ले आणि दुपारी एकपर्यंत मुक्कामी परत आलो. पुढच्या वर्षी जाणाऱ्या छात्रांना आणि सुट्टीत मुलांना घेऊन जयपूरला जाऊ पाहणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून ही सफर कशी करावी आणि तिच्यातून काय शिकावे, ते इथे लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या भागात पानात पडणारा जवळजवळ प्रत्येक पदार्थ एकाच प्रश्नाचे उत्तर आहे : पाणी थोडे आहे, मग पोट कसे भरायचे? हा प्रश्न मनात ठेवून निघालात, तर ही खाण्याची सहल भूगोलाचा आणि थोडासा युद्धशास्त्राचाही तास होते.

सुरुवात : राजा पार्क

आमचा मुक्काम राजा पार्क भागात होता. जयपूर शहर सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवले. राजा पार्क मात्र त्या जुन्या तटाबाहेरचे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली अनेक कुटुंबे राजा पार्क आणि शेजारच्या आदर्शनगर भागात स्थिरावली. त्यामुळे इथे सकाळी छोले-कुलचे, आलूचे पराठे आणि लस्सी मिळते. पहिला थांबा इथेच घ्यावा, पण अर्धे पोट ठेवूनच उठावे. मैद्याचा कुलचा आणि मलईची लस्सी हे पाच नद्यांच्या प्रदेशातले अन्न आहे. पुढच्या दोन तासांत आपण त्याच्या अगदी उलट अन्नाकडे जाणार आहोत, आणि तो फरक जिभेला कळावा म्हणून ही सुरुवात बरी.

डोंगर ओलांडताना

राजा पार्कहून आग्रा रस्त्याकडे निघाले की थोड्याच वेळात डोंगराची खिंड लागते. तिला ‘घाट की गुणी’ म्हणतात. आता डोंगरातून बोगदाही झाला आहे, पण जाताना जुन्या घाटरस्त्याने जावे. दोन्ही बाजूंना जुन्या हवेल्या आणि बागा दिसतात. सिसोदिया राणीची बाग आणि विद्याधरची बाग याच वाटेवर आहेत. विद्याधर भट्टाचार्य हे जयपूरच्या नगररचनेशी जोडलेले नाव.

इथे गाडी थांबवून समोरचा डोंगर नीट पाहावा. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो वेगळा वाटतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, म्हणून त्याला कड्यांचे टप्पे आहेत. अरवली ही जगातील अतिप्राचीन वलीपर्वतांपैकी एक. कोट्यवधी वर्षांत झिजून तिचे कणे तेवढे उरले आहेत. आणखी महत्त्वाचा फरक दिशेचा आहे. सह्याद्री अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना आडवा उभा राहतो, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अरवली नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरली आहे. अरबी समुद्रावरचे वारे तिला समांतर निघून जातात. त्यामुळे जयपुरात वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटरच पाऊस होतो, आणि तोही बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. डोंगर आहेत, पण पाणी अडवणारा डोंगर नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यात आहेत.

नायला : राबडी आणि अर्धा पेला पाणी

आग्रा रस्त्याने कानोत्यापर्यंत जाऊन उत्तरेकडे वळले की नायला हे गाव येते. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन या गावात आले होते आणि दूध सहकारी संस्थेतल्या व पंचायतीतल्या महिलांशी बोलले होते. दुधाचा इथे उल्लेख यावा हे योग्यच आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात शेतीला जनावरांची जोड लागते. पीक बुडाले तरी म्हैस आणि शेळी घर चालवतात.

म्हणूनच इथल्या स्वयंपाकात ताक फार. आमच्या गाइडने एका ओळखीच्या घरी आधीच निरोप दिला होता. तिथे आम्हाला राबडी मिळाली. मुलांचे चेहरे खुलले, आणि पहिल्या घोटाला उतरले! कारण ही आपली आटीव दुधाची गोड रबडी नव्हे. ताकात बाजरीचे पीठ कालवून ते मंद आचेवर बराच वेळ शिजवतात, चव आंबट-खारट. नाशिकच्या एका छात्राने लगेच ओळखले, “सर, ही तर आंबील!” अगदी बरोबर. दुष्काळी भागांनी एकमेकांना न विचारता शोधलेले हे एकच उत्तर आहे.

भाषेचीही गंमत झाली. या भागाची बोली ढूंढाडी. घरातल्या आजी “पाणी” म्हणाल्या, तेव्हा मुले चमकली. हिंदी पट्ट्यात आठवडाभर ‘पानी’ ऐकल्यावर आपला ‘ण’ कानावर पडला होता. आपला ‘ळ’ही या बोलीत आहे.

पण त्याच पाण्याने आमची मान खाली गेली. एका छात्राने पेला तोंडाला लावला, अर्धा प्यायला आणि उरलेले पाणी घरच्या सवयीने अंगणात भिरकावले. कोणी काही बोलले नाही. त्या घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा उठला, दुसऱ्याच्या हातातला उरलेला पेला घेतला आणि कडुलिंबाच्या आळ्यात ओतला. मग शांतपणे येऊन बसला. आमच्या छात्राला कोणी रागावले नाही. त्याची गरजही उरली नव्हती. पाणी दिसताना नळातून येते, पण इथे ते बाईच्या डोक्यावरून यायचे, आणि अनेक घरांत ती आठवण अजून ताजी आहे.

रामगढ : नकाशावर निळे, जमिनीवर कोरडे

नायल्याहून गावरस्त्यांनी उत्तरेकडे गेले की जमवारामगढ येते. आमेर राजधानी होण्यापूर्वी कछवाह घराण्याचे हे ठाणे होते. त्यांची कुलदेवता जमवाय माता हिचे मंदिर इथे आहे. जवळच बाणगंगा नदीवरचा रामगढ बांध.

महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या काळात, १८९७ मध्ये या बांधाचे काम सुरू झाले आणि १९०३ मध्ये पुरे झाले. अनेक दशके जयपूर शहराला इथून पिण्याचे पाणी जात असे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. आज बांधावर उभे राहिले की समोर गवत, बाभळी आणि चरणारी जनावरे दिसतात. या शतकाच्या सुरुवातीपासून तलाव जवळजवळ कोरडाच आहे. जयपूरला आता टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून, शंभरेक किलोमीटरवरून पाणी आणावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये ड्रोनच्या मदतीने कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोगही रामगढलाच करण्यात आला.

बांध कोरडा का पडला? बांधाची भिंत शाबूत आहे. बिघडले ते भिंतीच्या वर, नदीच्या पाणलोट क्षेत्रात. ओढ्यांवर जागोजागी लहान बंधारे झाले, पाण्याच्या वाटांवर अतिक्रमणे झाली, विहिरी आणि कूपनलिकांनी भूजल खाली गेले. यातला एकेक बंधारा एकेका गावाला हवाच होता, हेही विसरू नये. पण सगळ्यांची बेरीज केली तर नदी तलावापर्यंत पोचेनाशी झाली.

नकाशावाचन शिकणाऱ्या छात्रांसाठी इथे एक धडा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाणी असलेला तलाव निळा दाखवतात आणि कोरडा ओढा काळ्या रेषेने. जुन्या नकाशात हा तलाव निळा आहे. त्या निळ्या रंगावर विसंबून एखादी तुकडी इथे पाण्यासाठी आली तर? म्हणून नकाशा हातात घेतल्यावर आधी त्याचे वर्ष पाहावे, आणि गावात विचारल्याशिवाय पाण्याचा हिशेब धरू नये.

जेवण : दाल-बाटी आणि सांगरी

परतीच्या वाटेवरच्या ढाब्यावर जेवण केले. दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, लसणाची चटणी.

बाटी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठात तूप घालून, अगदी थोड्या पाण्यात घट्ट मळलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. भाजायला भांडे लागत नाही, म्हणजे घासायलाही पाणी लागत नाही. शिवाय बाटी टिकते. मोहिमेवर निघालेले शिपाई गोळे तापलेल्या वाळूत पुरून ठेवत आणि संध्याकाळी काढून खात, अशी कथा इथे सांगतात. खानदेशची बट्टी आणि विदर्भातले रोडगे खाल्लेल्या छात्रांना ही ओळख करून द्यावी लागली नाही.

गट्टे म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या वळकट्यांचे तुकडे, दह्याच्या रश्शात सोडलेले. आपल्या पाटवड्यांच्या रश्श्याचे चुलतभाऊ. सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. शमीला इथे खेजडी म्हणतात, आणि ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. दसऱ्याला आपण जिच्यात पांडवांची शस्त्रे पाहतो, तिच्या शेंगा इथे वाळवून वर्षभर भाजीला वापरतात. केर हे काटेरी झुडपाचे फळ. त्यालाही वाळवून ठेवतात. ओली भाजी नसेल तेव्हा वाळवण, पाण्याऐवजी ताक, पालेभाजीऐवजी बेसन : हे या स्वयंपाकाचे शास्त्र आहे.

याच मुलखात आपले सैन्य

जयपूरच्या आग्नेयेला तुंगा नावाचे गाव आहे. अर्ध्या दिवसात ते बसत नाही, पण त्याची आठवण या सफरीत व्हायलाच हवी. २८ जुलै १७८७ रोजी तिथे महादजी शिंदे यांच्या फौजेची जयपूर-जोधपूरच्या फौजांशी गाठ पडली. आपल्या पुस्तकांत ती लालसोटची लढाई म्हणून येते. जयपूरकडे थकलेली खंडणी वसूल करण्यासाठी महादजी आले होते. लढाईच्या दिवशी निर्णय लागला नाही. पण छावणीत धान्य महागले होते, शिपायांचे पगार थकले होते. लढाईनंतर लगेचच त्यांच्याकडील हिंदुस्थानी पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या आणि महादजींना डीगकडे माघार घ्यावी लागली. तीन वर्षांनी, जून १७९० मध्ये, पाटणच्या लढाईत त्यांच्या फौजेने हा हिशेब चुकता केला.

रणांगणावर न हरलेले सैन्य रसद आणि पगार यांपायी मागे हटले. बाटीचा तुकडा हातात घेऊन ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती मुलांना वर्गात कळते त्याहून लवकर कळली.

जाणाऱ्यांसाठी सूचना

१. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हिवाळ्यात पहाटे बोचरी थंडी असते, स्वेटर हवाच. सकाळी साडेसहाला निघावे.

२. गाइड पर्यटन विभागाचा परवाना असलेला घ्यावा आणि त्याचे ओळखपत्र पाहावे. थांबे, वेळ आणि पैसे आधीच ठरवावेत. ‘वाटेत कुठल्याही दुकानात थांबायचे नाही’ हेही सुरुवातीलाच सांगावे.

३. गावातल्या घरी जायचे तर गाइडकरवी आधी विचारावे आणि माणसे किती ते कळवावे. वीस जणांनी एका चुलीवर अचानक जाऊन बसणे हा पाहुणचार नव्हे, धाड आहे. आम्ही दोन गट केले होते.

४. भेटताच ‘राम राम सा’ म्हणावे. न विचारता फोटो काढू नयेत. घूंघट घेतलेल्या बायकांचे तर मुळीच नाहीत.

५. पानात थोडे वाढून घ्यावे. तूप सोसत नसेल तर वाढण्याआधीच हात आडवा धरावा. वाढलेले टाकू नये.

६. प्रत्येक छात्राने वहीत प्रत्येक थांब्याला तीन गोष्टी लिहाव्यात : इथे पाणी कुठून येते, इथे काय पिकते, आणि इथे काय वाळवून ठेवतात.

७. पाण्याची बाटली मुक्कामावरूनच भरून न्यावी. कोणी प्रेमाने पेला पुढे केला तर नाही म्हणू नये, आणि त्यातले उरले तर अंगणात टाकू नये. जवळ झाड असतेच; त्याच्या आळ्यात ओतावे.